‘क्षची किंमत’ आणि डॉलरचं चिन्ह

मी दहावीच्या मुलांना मराठी माध्यमातून बीजगणित शिकवते. गेल्या पावसाळ्यात वर्गसमीकरणांची टिपणं नव्याने लिहायला घेतली, तेव्हा ठरवलं की आता एकेक समीकरण माऊसने जुळवत बसायचं नाही. साध्या मजकुराची फाईल, ईमॅक्स हा मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम आणि त्यातली टिपणं लिहायची सोय, म्हणजे ऑर्ग-मोड. ओळीत कुठे सूत्र आलं की ते दोन डॉलरचिन्हांमध्ये लिहायचं, कंट्रोल धरून सी, एक्स, एल दाबायचं, की सूत्राचं चित्र जागच्या जागी उमटतं. (फाईलमध्ये चल म्हणून रोमन अक्षर असतं, इथे त्याच्या जागी क्ष लिहिते.)

पहिल्याच पानावर अडले. ओळ अशी होती: ‘$क्ष$ = ५ असेल, तर $क्ष$ची किंमत समीकरणात ठेवा.’ पहिला क्ष सुरेख तिरका उमटला. दुसरा डॉलरांसकट तसाच राहिला. एकच ओळ, एकच अक्षर, आणि दोन वेगळे निकाल!

मला वाटलं, सूत्राचं चित्र बनवणारं लॅटेकच नीट बसवलेलं नसणार. ते काढून पुन्हा बसवलं. मग देवनागरी फॉन्टवर संशय घेतला. अख्खी संध्याकाळ त्यात गेली. शेवटी वर्गात मुलांना सांगते तेच केलं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ओळीतला एकेक शब्द काढत गेले. दुसऱ्या सूत्राला चिकटलेला ‘ची’ काढला आणि चित्र लगेच उमटलं. ‘ची’ परत लावला, चित्र गेलं. ‘ला’, ‘ने’, ‘चा’, ‘पेक्षा’ सगळे लावून पाहिले. सगळ्यांनी तेच केलं.

मग माहितीपुस्तिका उघडली, जी आधी उघडायला हवी होती. नियम तिथे स्वच्छ लिहिलेला आहे. डॉलरचं चिन्ह पैशांसाठीही येतं, म्हणून ऑर्ग-मोड ते सूत्राचं मानताना तीन गोष्टी पाहतो. आतला मजकूर दोन्ही डॉलरांना चिकटून हवा, त्यात दोनपेक्षा जास्त वेळा ओळ तुटलेली नसावी, आणि शेवटच्या डॉलरनंतर मोकळी जागा, विरामचिन्ह किंवा आडवी रेघ हवी. इंग्रजीत हे सहज निभतं, कारण तिथे संबंध दाखवणारा शब्द सुटा असतो. आपल्याकडे विभक्ती शब्दाला चिकटते. मराठीत गणित लिहायचं तर हा नियम दर दुसऱ्या ओळीला आडवा येतो.

सूत्रासाठीचं डॉलरचं चिन्ह मुळात टेक या छपाईसाठी मजकूर जुळवणाऱ्या प्रोग्रॅममधून आलं. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांनी १९७८ मध्ये टेक आणलं. गणिताची छपाई महाग समजली जाते, म्हणून हे चिन्ह, असं कारण त्यांनीच दिलं आहे. पण या चिन्हाची सुरुवात आणि शेवट दिसायला सारखेच. कोणता डॉलर उघडणारा आणि कोणता मिटणारा, हे प्रोग्रॅमला आजूबाजूच्या अक्षरांवरून ताडावं लागतं, आणि प्रत्येकाचा अंदाज वेगळा. फाईलींचं रूप बदलणारा पॅनडॉक हा प्रोग्रॅम मार्कडाउन (साध्या मजकुरात खुणा करून लिहायची एक पद्धत) वाचताना आतला मजकूर डॉलरांना चिकटलेला आहे ना हे पाहतो, पण शेवटच्या डॉलरनंतर लगेच अंक नाही ना, एवढंच. तिथे ‘$क्ष$ची’ बिनतक्रार चालतं.

अंदाज चुकला की काय होतं, हेही लवकरच दिसलं. ‘$क्ष$ची किंमत ($-५$) घेतली’ या ओळीत क्ष तसाच राहिला, आणि त्यापुढचं ‘ची किंमत (’ एवढंच सूत्र म्हणून उचललं गेलं! नियमाने पाहिलं तर बरोबरच आहे: आत दोन्ही टोकांना जागा नाही, आणि मिटणाऱ्या डॉलरपुढे आडवी रेघ आहे.

आता उपाय. ‘क्ष’ आणि ‘ची’ यांच्यात जागा सोडली तर काम झालं असतं, छापील पुस्तकांतही तसं दिसतं. पण मग ओळ संपताना क्ष वर राहतो आणि पुढची ओळ ‘ची’ने सुरू होते. प्रत्यय जोडून लिहा म्हणून मुलांच्या वह्यांत मीच लाल शाईने खुणा करते. माझ्या टिपणांत तो सुटा लिहायला मन तयार होईना. मध्ये आडवी रेघ घालून पाहिली, तर वजाबाकी वाटली. गणिताच्या टिपणात ते तर मुळीच नको.

खरा उपाय त्याच परिच्छेदाच्या शेवटी होता: शंका असेल तर डॉलरऐवजी तिरकी रेघ आणि कंस वापरा. ‘\(क्ष\)ची किंमत’. उघडणारी खूण वेगळी, मिटणारी वेगळी, त्यामुळे ताडायचं काही उरतच नाही. पुढे ‘ची’ येवो, ‘पेक्षा’ येवो, सूत्र ओळखलं जातं. वेबपानावर सूत्रं दाखवणारं मॅथजॅक्सही ओळीतल्या सूत्रासाठी मुळात हीच खूण मानतं, डॉलरची जोडी मुद्दाम चालू करावी लागते.

जुन्या फाईली बदलताना मात्र सगळं एका झटक्यात केलं नाही. शोधा-बदला लावलं, पण प्रत्येक जागी विचारून. चलनाच्या गणितांत कुठे कुठे एकटा डॉलर होता; तो मध्ये आला की पुढच्या सगळ्या जोड्या एका घराने सरकतात. अशा ठिकाणी आता मी ‘डॉलर’ असं अक्षरांतच लिहिते.

राहिलं टंकन. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कळमांडणीत तिरक्या रेघेच्या कळीवर ‘ॉ’ असतो, आणि डॉलरच्या जागी शिफ्ट धरला की ‘र्’ येतो, म्हणजे दोन्हीसाठी रोमनमध्ये जावंच लागतं. ईमॅक्समध्ये ही अदलाबदल कंट्रोल आणि तिरक्या रेघेने होते. मी एफ-६ कळीवर छोटी आज्ञा बसवली आहे: एकदा दाबलं की देवनागरी बंद होऊन रिकामी जोडी उमटते आणि कर्सर तिच्या आत बसतो, पुन्हा दाबलं की कर्सर कंसाबाहेर येतो आणि देवनागरी चालू होते. मग थेट ‘ची’ लिहायचं.

ठळक शब्दांना, म्हणजे दोन ताऱ्यांमध्ये लिहिलेल्या शब्दांना, हीच अडचण येते. ‘*मूळ*ाचा’ असं लिहिलं तर तारे तसेच राहतात, आणि तिथे तिरकी रेघ नि कंस कामाला येत नाहीत. तिथे मी आता पूर्ण शब्दच ठळक करते: ‘*मुळाचा*’.