नवा राउटर, ब्रिज मोड आणि नऊ दिवस: माझा अनुभव

राउटर बदलून आता चार महिने होतील. छान चालतोय, वरच्या खोलीत पूर्ण स्पीड मिळतोय, तरी मधले ते नऊ दिवस आठवले की माझं डोकं तापतं. घरात स्वतःचा राउटर बसवायचा विचार असेल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण मला ती कुणी सांगितली नाही. दुकानात जायच्या आधी आपल्या कनेक्शनचं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी (राउटरच्या सेटिंगमध्ये टाकायचा लाइनचा एक नंबर) कंपनीकडून लेखी मागून घ्या. ते हातात पडेपर्यंत इंटरनेट कंपनीने बसवलेल्या जुन्या डब्याला कुणालाही हात लावू देऊ नका.

आमचं नाशिकमध्ये इंदिरानगरला रो-हाऊस आहे. फायबर खाली हॉलमध्ये टीव्हीमागे आलेली आणि माझं काम वर, मागच्या खोलीत. अंबड-सातपूरच्या पंधरा-सोळा वर्कशॉपवाल्यांचे हिशेब आणि जीएसटी मी घरून बघते. कंपनीचा डबा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी जुन्या, गर्दीच्या पट्ट्यावर चालणारा; दुसरा, वेगवान पट्टा ५ गिगाहर्ट्झचा. मध्ये स्लॅब, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची भिंत चिकटून आणि सगळ्यांचं वायफाय त्याच पट्ट्यात. त्यात घरातले मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप मिळून आठ-दहा वस्तू जोडल्या की डबा दिवसातून दोनदा हँग व्हायचा. ओटीपी मोबाईलवर येऊन पडलाय आणि लॅपटॉपवर नुसतं चक्र फिरतंय, असं दर महिन्याला.

राउटर निवडायला एक संध्याकाळ पुरली. कॉलेज रोडच्या दुकानदाराने आधी सहा अँटेनांचा समोर ठेवला. अँटेना मोजून काही कळत नाही. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात पोर्टचा, म्हणजे वायर खोचायच्या जागेचा, वेग छापलेला असतो, तो वाचा. आमचा प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि स्वस्तातल्या बऱ्याच 'एसी १२००' राउटरना पोर्ट १०० चेच असतात. म्हणजे पैसे २०० चे भरायचे आणि मिळणार ९५ च्या आसपास. तो १२०० आकडासुद्धा बेरजेचा आहे, २.४ वरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ मिळून, आणि तेही कागदावर. मी वायफाय ६ चा, 'एएक्स १५००', सगळे पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) असलेला घेतला. तीन हजारांच्या आत बसला. एडीएसएल लिहिलेला मात्र घेऊ नका, तो जुन्या टेलिफोनच्या तारेवर चालणारा.

आता मुख्य अडचण. फायबर असेल तर कंपनीचा डबा काढून टाकता येत नाही, कारण तारेतला प्रकाश वाचायचं काम तोच करतो. पण त्याला ब्रिज मोडमध्ये टाकलं की तो तेवढंच करतो आणि लॉगिनपासून वायफायपर्यंत बाकी सगळं आपला राउटर सांभाळतो. डबा हँग होत होता म्हणून मला हेच हवं होतं.

१४ तारखेला टेक्निशियन आला, दहा मिनिटांत डबा ब्रिजवर टाकला, "पासवर्ड ऑफिसमधून घ्या मॅडम" म्हणाला आणि गेला. त्या क्षणापासून घरातलं नेट बंद. डब्याच्या सेटिंगचा पासवर्ड कंपनीकडेच, त्यामुळे पूर्वीसारखं करून घेणंही माझ्या हातात राहिलं नाही.

ऑफिस घरापासून पाच मिनिटांवर आहे. पहिल्या दिवशी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "पासवर्ड कस्टमरला देत नाही आम्ही." दुसऱ्या दिवशी "सर आले की विचारते". तिसऱ्या दिवशी सर होते, त्यांनी मेल करायला सांगितलं. मेल केला, आपोआप येणारं उत्तर आलं. चौथ्या दिवशी आधारची झेरॉक्स आणि शेवटचं बिल घेऊन गेले तेव्हा कुठे एका जुन्या पावतीच्या पाठीमागे बॉलपेनने लिहिलेला पासवर्ड मिळाला. त्यात मधोमध एक गोल होता. शून्य की इंग्रजी ओ, काही कळेना. घरी येऊन दोन्ही टाकून पाहिले, कॅपिटल-स्मॉल उलटसुलट करून पाहिलं. राउटर दर वेळी तेच सांगायचा, लॉगिन झालं नाही. परत ऑफिस. "पासवर्ड बरोबर आहे मॅडम, तुमच्या राउटरमध्ये प्रॉब्लेम असेल." नवा कोरा राउटर! "मग डबा होता तसा करून द्या," म्हटलं, तर त्यासाठी वेगळं तिकीट.

तिकीट टाकलं. संध्याकाळी मेसेज आला, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. घरात कुणी आलं नव्हतं, फोनही नव्हता. मी कॉल सेंटरला विचारलं, "काम झालं नाही तर क्लोज कसं केलं?" उत्तर आलं, "सिस्टीममध्ये क्लोज दाखवतंय." पुन्हा तिकीट, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच मेसेज. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे. उशीर समजू शकते, माणसं कमी असतील, पण न झालेलं काम झालं म्हणून लिहायचं?

त्यातच २० तारीख, ३-बीची, म्हणजे जीएसटीच्या दरमहा भरायच्या रिटर्नची, शेवटची मुदत. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि ती माझ्या माणसांना बसणार. सातच्या सातही उरलेले रिटर्न मी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर भरले, गॅलरीच्या दारात स्टुलावर लॅपटॉप ठेवून, कारण रेंज तिथेच येत होती. शेवटचा रात्री पावणेअकराला गेला.

२१ ला सकाळी शांतपणे कॉल सेंटरला फोन केला. दोन्ही तक्रारींचे डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) वाचून दाखवले आणि सांगितलं की आता मी अपील करतेय. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१२ च्या नियमांप्रमाणे मोठ्या कंपन्यांना अपिलाची सोय ठेवावी लागते. तक्रार सुटली नाही तर ३० दिवसांत अपील करता येतं आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. त्यामुळे प्रत्येक फोनचा डॉकेट नंबर, तारीख, वेळ वहीत लिहा आणि तो क्लोजचा मेसेज डिलीट करू नका.

२३ ला लाइनमन आला. राउटरची स्क्रीन बघूनच म्हणाला, "ताई, पासवर्ड बरोबर आहे. मॅक अडकलाय." प्रत्येक यंत्राला बारा आकडे-अक्षरांचा स्वतःचा मॅक पत्ता असतो. कंपनीने माझं लॉगिन जुन्या डब्याच्या मॅकला बांधून ठेवलं होतं, त्यामुळे नव्या राउटरला दारातूनच परत पाठवलं जात होतं. त्याने राउटर उलटा करून स्टिकरवरचा मॅक फोनवर कुणाला तरी वाचून दाखवला, राउटर बंद-चालू केला आणि हिरवा दिवा लागला. चार-पाच मिनिटं लागली असतील. नऊ दिवसांत ऑफिसमध्ये एकालाही हे विचारावंसं वाटलं नाही. मी त्याला बसवून चहा दिला आणि मनापासून आभार मानले.

त्यानेच आणखी एक दाखवलं. डब्यावरच्या दोन पोर्टपैकी एक गिगाबिटचा, दुसरा १०० चा, आणि पहिल्या टेक्निशियनने वायर १०० च्यात खोचली होती.

तुमचा डबा हँग होत नसेल, फक्त रेंज कमी पडत असेल, तर ब्रिजच्या भानगडीत पडूच नका. नवा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (यात तो नुसतं वायफाय पसरवतो, लॉगिन डबाच करतो) टाकून डब्याला वायरने जोडा, कंपनीचा पासवर्ड लागतच नाही. राउटर टीव्हीमागे किंवा कपाटात ठेवू नका. आम्ही कॅट ६ ही नेटवर्कची वायर ओढून तो जिन्याच्या वळणावर उंच लावला. वर लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर, खाली टीव्ही २.४ वर.

हो, आणि १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, पण डबा आणि राउटर दोन्ही त्यावर हवेत. नुसता राउटर चालू राहून उपयोग नाही. घेण्याआधी दोन्ही ॲडॅप्टरवरचे अँपिअर वाचून बेरीज करा. गेल्या महिन्याच्या २० तारखेला आमच्याकडे तासभर लाइट नव्हती, आणि त्या तासात माझे तीन रिटर्न गेले.