बंबाची राख

सकाळी सहाच्या सुमाराला मी परसात उकिडवी बसून काय बघत असते, हे कोडं शेजारच्या काकांना बरेच दिवस सुटलं नव्हतं. ते गच्चीवर प्राणायाम करतात. एकदा न राहवून त्यांनी वरूनच विचारलं, "काही हरवलंय का?" मी म्हटलं, "नाही, शिट बघतेय." त्यानंतर त्यांनी आपली सतरंजी गच्चीच्या पलीकडच्या कोपऱ्यात नेली.

पण कोंबडी पाळणाऱ्याने रोज वाचायचं वर्तमानपत्र तेच. कोंबडीला लघवी वेगळी नसते. तपकिरी-हिरवट गोळी आणि तिच्यावर पांढरी टोपी, ती पांढरी टोपी म्हणजेच लघवी. टोपी जागेवर असली की दिवस बरा जाणार. मधूनच काकवीसारखं चिकट, भयंकर वासाचं काहीतरी दिसतं. पहिल्यांदा ते पाहून मी हादरले होते, पण ते अगदी नैसर्गिक. आतड्याच्या दोन आंधळ्या फाट्यांमध्ये आंबलेला माल दिवसातून काही वेळा असा बाहेर पडतो. घाबरायचं ते लालसर दिसलं तर. त्या लालाची गोष्ट पुढे येईलच.

आमचं घर पुण्याच्या सहकारनगरात, तळजाईच्या टेकडीच्या पायथ्याशी. सासऱ्यांनी बांधलेलं बैठं घर, मागे चार पावलांचं परस, तिथे शेवगा, कढीपत्ता आणि सासूबाईंचा तांब्याचा बंब. गिझरच्या पाण्याने अंग ओलं होतं, आंघोळ होत नाही, असं त्यांचं मत असल्यामुळे बंब अजून रोज पेटतो. कोंबड्या आणायला त्यांची परवानगी मिळाली ती दोन अटींवर: अंड्यांचं पातेलं वेगळं, आणि कोंबडा आणायचा नाही. पहिली अट धर्मासाठी, दुसरी झोपेसाठी. कोंबड्याशिवाय अंडी कशी, हा प्रश्न मला आजवर निदान पन्नास जणांनी विचारला असेल, त्यात एक एमबीबीएस डॉक्टर होते. कोंबडी अंडं घालतेच. त्यातून पिल्लू हवं असेल तरच कोंबडा लागतो.

जूनच्या सुरुवातीला कावेरी जातीच्या पाच तलंगा आणल्या. अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी म्हणजे तलंग. हा शब्द मला आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी दिला. त्या मूळच्या वेल्ह्याकडच्या. खुराडं, डालगं, खुडूक हे सगळे शब्द त्यांचेच. मी इंटरनेटवरून शिकले होते ते वेगळं. त्यामुळे तलंगा यायच्या आधीच माझ्या फळीवर अॅपल सायडर व्हिनेगर, ओव्याचा अर्क, हळद, सोललेला लसूण आणि कडुनिंबाची पावडर यांची रांग लागली होती. आमच्या घरात माणसांसाठीसुद्धा एवढा दवाखाना कधी नव्हता. मावशींनी ती फळी पुसता पुसता विचारलं, "ताई, कोंबड्यांला काय झालंय?" मी म्हटलं, "काही नाही, होऊ नये म्हणून." त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. पुणेरी "बरं"मध्ये जितके अर्थ असतात, त्याहून वेल्ह्याच्या "बरं"मध्ये दोन जास्त असावेत.

व्हिनेगर मी रोज चमचाभर पाण्यात घालायची. भांडं होतं जस्ताच्या पत्र्याचं. आंबट पदार्थ कल्हई गेलेल्या भांड्यात ठेवू नये, हे मला कोंबडीच्या बाबतीत आठवलं नाही. आठवड्याभरात भांड्याच्या आत पांढरट डाग पडले. सासूबाईंनी भांडं उचलून उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "यात तू चिंच ठेवली असतीस का?" भांडं भंगारात गेलं. मग प्लॅस्टिकचं आणलं.

जुलैत झोडपणारा पाऊस लागला. खुराड्यात भाताच्या तुसाची गादी होती. वाऱ्याबरोबर पश्चिमेकडून तुषार आत येत होते आणि एका बाजूचं तूस हळूहळू भिजत होतं. मी ते रोज बघत होते आणि रोज लसूण ठेचत होते. एके सकाळी ठमी एका कोपऱ्यात मान आखडून, पिसं फुलवून, डोळे मिटून उभी. आणि खाली लाल.

याला रक्ती हगवण म्हणतात. कॉक्सिडिया नावाचा जंतू आतड्याच्या अस्तरात वाढतो. त्याची अंडी शिटेतून पडतात. पडल्या पडल्या ती काही करू शकत नाहीत. त्यांना ओल आणि ऊब मिळाली की दिवस-दोन दिवसांत ती पिकतात, आणि मग तेच तूस टोचणाऱ्या कोंबडीच्या पोटात परत जातात. म्हणजे जंतूला हवं ते सगळं मी स्वतः त्या भिजक्या कोपऱ्यात मांडून दिलं होतं. वयात आलेल्या कोंबडीला बहुधा याची सवय झालेली असते, तलंगांना नसते. मी काय केलं? हळद-लसूण दुप्पट केलं. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी अँप्रोलियमची पूड लिहून दिली, पाण्यातून द्यायची. बाकीच्या चौघी चार दिवसांत टुणटुणीत झाल्या. ठमीने त्याच रात्री मान टाकली.

मावशींनी तिला शेवग्याखाली पुरलं. माती ओढता ओढता म्हणाल्या, "ताई, आधी गादी उलथायची व्हती."

तेवढंच म्हणाल्या. आता मी पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी फावड्याने तूस खालीवर करते, भिजलेलं उचलून टाकते, मुठीत दाबून बघते. गोळा झाला तर ओलं, भुरभुरलं तर ठीक. पश्चिमेला ताडपत्रीचा पडदा लावलाय. लसूण मी आजही घालते, कधीमधी. मावशीही घालतात, त्यांच्या आईही घालायच्या. फक्त आता मी त्याला औषध म्हणत नाही, फोडणी म्हणते.

मानमोडीचं तसं नाही. तिच्यापुढे फोडणी चालत नाही, औषधही नाही. मावशी सांगतात, एका उन्हाळ्यात त्यांच्या वाडीतली यच्चयावत कोंबडी आठ दिवसांत मान वाकडी करून गेली होती, आरवायलासुद्धा एक उरला नाही. कागदोपत्री या रोगाला राणीखेत म्हणतात. 1926 साली तो इंग्लंडात न्यूकॅसलजवळ सापडला म्हणून जगभर न्यूकॅसल, आणि त्याच सुमारास कुमाऊंतल्या राणीखेतला आढळला म्हणून आपल्याकडे राणीखेत. थंड हवेच्या एवढ्या देखण्या गावाच्या नशिबी हे नाव यावं! त्याला उपाय एकच, लस. ती बनवणारी सरकारी संस्था इथे औंधलाच आहे, तरीही माझी पंचाईत झाली, कारण लसीची सगळ्यात लहान कुपी मिळाली तीच मुळी 100 कोंबड्यांची. माझ्याकडे चार. कुपी एकदा कालवली की दोनेक तासांत संपवायची, उद्यासाठी फ्रीजमध्ये ठेवायची सोय नाही.

मग फोनाफोनी. पद्मावतीत एकांकडे सहा, धनकवडीत एका आजोबांकडे नऊ, बिबवेवाडीत कुणाच्या गच्चीवर तीन कडकनाथ. असं करत बावीसपर्यंत मजल गेली. रविवारी सकाळी मी थर्मासमध्ये बर्फ आणि बर्फात कुपी घालून स्कूटरवरून फिरले. लस पाण्यातून पाजायची तर नळाचं पाणी तसंच चालत नाही, महापालिकेच्या क्लोरीनने लसच मरते. म्हणून आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या पाण्यात थोडी स्निग्धांशविरहित दुधाची पावडर कालवायची. त्याआधी तास-दोन तास कोंबड्यांना पाणी द्यायचं नाही, म्हणजे तहानेने चटकन पितात. धनकवडीच्या आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुधात साखर घालू का?"

नोव्हेंबरात पहिलं अंडं आलं आणि माझं लक्ष शिटेवरून कवचाकडे गेलं. अंडं तयार व्हायला साधारण पंचवीस तास लागतात, त्यातले वीसेक नुसत्या कवचाचे. तेही बरंचसं रात्री, कोंबडी दांडीवर झोपलेली असताना. एका कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. ते खाण्यातून मिळालं नाही तर ती स्वतःच्या हाडांतून काढून देते. म्हणून संध्याकाळी, आत जायच्या आधी, शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवायचा. खाण्यात कालवायचा नाही. जिला हवा ती येऊन बरोबर तेवढाच खाते. हा हिशेब तिला कसा कळतो, देव जाणे. मला तर डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्यासुद्धा आठवत नाहीत. घरातली अंड्यांची टरफलंही चालतात, तव्यावर भाजून, पार चुरा करून. अर्धं टरफल तसंच टाकलं तर तिला ओळख पटते, आणि अंडं फोडून खायची सवय लागली की सुटता सुटत नाही.

मे महिन्यात मात्र शिंपले असूनही कवचं कागदासारखी झाली. मी चुरा वाढवला, फरक नाही. कारण वेगळंच होतं. कोंबडीला घाम येत नाही. उकडलं की ती चोच उघडी टाकून धापा टाकते. त्या धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड भसाभस बाहेर जातो आणि कवचाला लागणारा कार्बोनेट रक्तात कमी पडतो. नुसतं कॅल्शियम घेऊन ती काय करणार! मग खुराड्यावर ओली गोणपाटं, शेवग्याच्या सावलीत मातीचं पसरट भांडं, दुपारी दोनदा ताजं पाणी. कवचं सुधारली. कोंबडी खाते त्याच्या दुप्पट पाणी पिते, आणि गरम पाण्याला तोंड लावत नाही. माठातल्या पाण्याचा हट्ट आमच्या सासूबाईंचाही असतो, त्यामुळे त्या बाबतीत त्यांचं आणि कोंबड्यांचं एकदम जुळलं.

सासूबाई अंडं खात नाहीत, पण रोज मोजतात.

खाण्याचं फार सांगत नाही. लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार भरड खाद्य, हे मुख्य जेवण, बाकी सगळं तोंडी लावायला. शेवग्याचा पाला उत्तम. टबात अझोला हे पाण्यावर तरंगणारं शेवाळासारखं नेचं केलंय, ते सावलीत छान माजतं आणि उन्हात लालसर पडतं. ज्वारी टाकली की चौघी पंक्तीला आल्यासारख्या धावतात आणि मॅश तसाच राहतो, म्हणून ज्वारी मूठभरच. बुरशी धरलेलं काही, कच्चा राजमा, हिरवा पडलेला बटाटा, खारट फरसाण बंद. मिरचीचं मात्र खुशाल होऊ द्या. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा लागतच नाही. आमची बायजा ठेच्यातली लाल मिरची अशी उचलते की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी. आणि दसरा झाला की शेजारीपाजारी झेंडूच्या माळा आणून देतात. पाकळ्या खाल्ल्या की आठवड्यात बलक केशरी. लोक म्हणतात, "वा, अस्सल गावरान!" मी गप्प बसते. बलकाचा रंग झेंडूचा, कवचाचा रंग जातीचा, गावरानपणाचं प्रमाणपत्र दोन्हींत नाही.

पण या सगळ्या उठाठेवीत मला सगळ्यात आवडतं ते राखेचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा किंचाळलेच होते. बायजा परसात आडवी, एक पंख पसरलेला, पाय ताणलेले, डोळा अर्धा मिटलेला. मेली! मी धावले, तशी ती चिडून उठली, अंग झटकलं, माझ्या साडीवर धुळीचा ढग उडवला आणि परत आडवी झाली. तिची आंघोळ चालली होती. कोंबडी पाण्याने न्हात नाही, मातीने न्हाते. बारीक धूळ पिसांच्या मुळाशी गेली की उवा-पिसवा सुकून गळतात. मावशींनी जुनं घमेलं मागितलं, त्यात कोरडी माती घातली आणि वर बंबातली चाळलेली थंड राख. चौघींची नंबर लावून भांडणं. एक आत, एक काठावर, दोघी तोंडं वाकडी करून वाट बघत. आमच्या जुन्या वाड्यातल्या न्हाणीघराबाहेर सकाळी असंच चालायचं.

परवा मावशींनी फळी आवरली. व्हिनेगरची बाटली अर्धी शिल्लक होती. "ताई, ही लागती का?" म्हणाल्या. मी नाही म्हटलं. त्यांनी त्यात मूठभर मीठ घातलं आणि सगळा बंब घासून काढला. तांबं असं निघालं की सासूबाई चष्मा लावून बघायला आल्या. आता रोज सकाळी बायजा बंबापुढे उभी राहते, मान तिरकी करून आतल्या कोंबडीकडे रोखून बघते आणि एक सणसणीत टोच मारते. ठण् असा आवाज येतो. गच्चीवरचे काका दचकतात.