सिल्व्हराडोचा दुसरा गिअर

टेक्सासमधल्या आमच्या गॅरेजमध्ये आलेली ही २००३ ची शेव्हरले सिल्व्हराडो: ५.३ लिटर इंजिन, ४एल६०ई ऑटोमॅटिक ट्रान्समिशन. मालक तिला ड्रॅग स्ट्रिपवर पाव मैल पळवतो, आणि दुसरा गिअर सैल पडतो ही त्याची तक्रार. फुल थ्रॉटलला आधी नुसता आरपीएम चढायचा, मग गाडी ओढायची. पहिला गिअर ३.०६, दुसरा १.६३, एवढा फरक एकट्या २-४ बँडला, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या गिअरसाठी आतला ड्रम आवळून धरणाऱ्या पट्ट्याला, पेलावा लागतो. घसरण लांबली की बँड जळतो.

शिफ्ट किट म्हणजे गिअर घट्ट पडावा म्हणून बसवायचे सुटे भाग. ते बसवण्याआधी ट्रान्समिशनखालचा तेलाचा पॅन उघडायचाच. काळा गाळ आणि जळका वास आला असता तर मी किट बसवलंच नसतं. जळालेला क्लच प्रेशर वाढवून बरा होत नाही. इथे तेल लाल होतं. दोष निघाला १-२ ॲक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना बसणारा धक्का मऊ करणाऱ्या स्प्रिंग-पिस्टनच्या भागात. पिस्टनला बारीक तडा गेलेला, आणि बँड आवळायचं प्रेशर तिथूनच निसटत होतं. ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि कडक स्प्रिंग टाकली. ॲक्युम्युलेटर पूर्ण बंद करायचा सल्ला बरेच जण देतात. रस्त्यावरही चालणाऱ्या गाडीत मी तो कधीच पाळत नाही.

उजव्या बाजूला कॉर्व्हेटचा सर्व्हो बसवला. सर्व्हो म्हणजे तेलाच्या प्रेशरने बँड आवळणारा पिस्टन. कॉर्व्हेटचा पिस्टन मोठा असल्यामुळे तेवढ्याच प्रेशरला बँड जास्त जोराने आवळला जातो. व्हॉल्व्ह बॉडी (तेलाच्या वाटा ठरवणारे व्हॉल्व्ह असलेला भाग) आणि ट्रान्समिशनची केस यांच्यामधल्या सेपरेटर प्लेटमधलं दुसऱ्या गिअरला तेल देणारं भोक ०.०९३ इंचाचं केलं, दोन्ही बाजूंची बर (कडेला उरलेली धातूची कोर) काढली, प्लेट धुऊन हवेने झटकली. धातूचा एक कण व्हॉल्व्हखाली अडकला तरी गिअर अडतो. गॅस्केटवरची ‘सी’ खूण केसकडे, ‘व्ही’ व्हॉल्व्ह बॉडीकडे. उलट लागली तर तेलाच्या वाटाच बदलतात. तेलाच्या वाटा उघडझाप करणारे छोटे छर्रे जोडणी होईपर्यंत जागेवर धरायला पेट्रोलियम जेली वापरायची. ती गरम तेलात विरघळते, साधं ग्रीस विरघळत नाही आणि बारीक भोकं बुजवतं. व्हॉल्व्ह बॉडीचे बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, ११ न्यूटन-मीटर. जास्त आवळले की बॉडी वाकते, व्हॉल्व्ह अडकतात.

तेल भरून ट्रॅकवर नेली. आता शिफ्टला आरपीएमचा काटा सरळ खाली पडतो, मध्ये फुगत नाही. गिअर पडताना कॉम्प्युटर इंजिनचा टॉर्क क्षणभर कमी करतो, ती कपात मालकाला पूर्ण काढून हवी होती. १-२ शिफ्टपुरती मी ती ठेवली. या ट्रान्समिशनमध्ये दुसऱ्या गिअरचा दणका सन शेलवर (मधल्या सन गिअरला ड्रमशी जोडणाऱ्या कवचावर) येतो, आणि त्याचे दाते गेले की दुसरा, चौथा आणि रिव्हर्स तिन्ही एकदम जातात. शेल बदलायला अख्खं ट्रान्समिशन उतरवावं लागतं.