आजचा मॉक कोड

आज ड्युटी संपल्यावर घरी न जाता नव्या ज्युनिअर्सना घेऊन मॉक कोड केला, म्हणजे पेशंटचं हृदय बंद पडलं तर काय करायचं याची रंगीत तालीम. पुतळ्यावर सीपीआर. छाती 5 ते 6 सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला 100 ते 120 वेळा, दर 2 मिनिटांनी माणूस बदलायचा. हे सगळ्यांना तोंडपाठ. गाडी अडली ती बोलण्यावर. "कुणीतरी ॲड्रेनालिन द्या" म्हटलं की कुणीच देत नाही. नाव घेऊन सांगायचं, आणि समोरच्याने "1 मिलिग्रॅम दिलं" असं मोठ्याने परत म्हणायचं. तिसऱ्या फेरीत जमलं आणि खोलीतला गोंधळ एकदम निवळला.

मला हे कळायला खरा पेशंट लागला होता. ते अजून सलतं.

आपल्याकडे इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली 2009 साली. आमच्या कितीतरी शिक्षकांना हा विषय शिकवणारं कुणी नव्हतंच. भूल, मेडिसिन, सर्जरी अशा विभागांतून येऊन त्यांनी तो उभा केला. फार आदर वाटतो त्यांच्याबद्दल.

निघताना एकीने विचारलं, "मॅडम, शुक्रवारी परत करायचं? या वेळी लीडर मी होणार." गुरुवारी माझी नाइट आहे. तरी लगेच हो म्हटलं.