कार्डिॲक हिल आणि एक टी-शर्ट

माझ्या धाकट्या भावाच्या कपाटात सगळ्यात खालच्या खणात अकरा टी-शर्ट घडी घालून ठेवलेले आहेत. त्यांना कुणी हात लावायचा नाही. मागे एकदा भावजयीने त्यातला एक, विटलाय म्हणून, गॅरेजची फरशी पुसायला काढला, तर घरात दोन दिवस अबोला. मी पुण्याहून अटलांटाला पोचले त्याच रात्री त्याने मला तो खण उघडून दाखवला. डोळ्यांवर झोप, पाय सुजलेले, आणि हा सांगतोय, "ताई, हे विकत मिळत नाहीत हां."

तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

झालं होतं असं, की मार्चमध्ये त्याने परस्पर माझं नाव पीचट्री रोड रेसच्या लॉटरीत घातलं होतं आणि ते लागलं होतं. भिशीत सुद्धा माझी चिठ्ठी कायम शेवटी निघते, इथे मात्र पहिल्याच फटक्यात. दर वर्षी ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, अटलांटात ही दहा किलोमीटरची शर्यत होते. १९७० साली पहिल्यांदा झाली तेव्हा ११० जण शेवटपर्यंत पोचले होते. आता पन्नास-साठ हजार लोक पळतात. आणि शर्ट मिळतो तो रेषा ओलांडल्यावरच. आधी नाही, पैसे देऊन नाही. त्यावरचं चित्र काय असेल हेसुद्धा त्या दिवसापर्यंत गुलदस्त्यात ठेवतात.

मी पळते ते पुण्यात तळजाईच्या टेकडीवर. पहाटे साडेपाचला, आठवड्यातून चार दिवस, बँकेत जायच्या आधी. आपल्याकडे पळायचा हंगाम म्हणजे थंडी. पुण्याची मॅरेथॉन डिसेंबरात, मुंबईची जानेवारीत. उन्हाळ्यात शहाणा माणूस शर्यत ठेवत नाही. इथे उलटं. सुट्टीचे जोडून दिवस आले रे आले की शर्यत. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला, कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये अशीच दहा किलोमीटरची मोठी शर्यत असते. तिथे पळणारे थेट विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये शिरतात. भावाचा एक मित्र दर वर्षी जातो. पण तिथे निदान डोंगरातली कोरडी हवा तरी असते. अटलांटात जुलै म्हणजे, काय सांगू, रत्नागिरी. पाऊस न पडणारी रत्नागिरी. पहिल्या आठवड्यात पहाटे कॉलनीत पळून बघितलं. घाम येतो, पण वाळत नाही. अंगावर तसाच बसून राहतो. घाम वाळला तरच अंग थंड होणार ना? तळजाईवर साडेसहा मिनिटांत होणाऱ्या किलोमीटरला इथे सात मिनिटं लागायला लागली, आणि वर नाडी धडधडतेय ती वेगळीच.

आयोजकांनाही याची कल्पना आहे. म्हणून रस्त्यावर झेंड्यांची पद्धत ठेवलीय. हिरवा म्हणजे पळा, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे वेग कमी करा, काळा म्हणजे शर्यत बंद. भावाने हे मला तीनदा समजावलं. शेवटी बारा वर्षांची भाची म्हणाली, "आत्या, तू वॉक कर ना. शर्ट सेमच मिळतो." तिचं म्हणणं बरोबर होतं. मला तेव्हा ते अपमानास्पद वाटलं.

आदल्या रात्री भावजयीने वरणभात, मेतकूट आणि लिंबाचं गोड लोणचं एवढंच केलं. बाहेर शेजारपाजारचे लोक ग्रिल पेटवून बसलेले, वास घरात येतोय, आणि आम्ही नऊला दिवे घालवून आडवे. शुक्रवारी ४ जुलै आल्यामुळे सगळ्यांना तीन दिवस सुट्टी होती. त्यात रविवारी आषाढी. आईने पुण्याहून पालखीचे व्हिडिओ पाठवायचा सपाटा लावला होता. लोक पंधरा-पंधरा दिवस चालून पंढरपूरच्या जवळ पोचले होते आणि मी दहा किलोमीटरच्या काळजीने कूस बदलत होते.

पहाटे पावणेचारला उठलो. नॉर्थ स्प्रिंग्जला गाडी लावून मार्टाची, म्हणजे इथल्या मेट्रोची, लोकल पकडली. हे लाल लाइनीचं उत्तरेकडचं शेवटचं स्टेशन. गाडी तिथूनच सुटते म्हणून बसायला जागा मिळाली. दोन स्टेशनांनंतर मात्र विरार लोकल. फरक एवढाच, की सगळे अर्ध्या चड्डीत आणि सगळे एकमेकांशी बोलतायत. खूप जणांच्या अंगात मागच्या वर्षांचे शर्ट होते, आणि इथे शर्टावरचं साल म्हणजे मानाची गोष्ट. माझ्यासमोर एक सत्तरी ओलांडलेले आजोबा बसले होते. त्यांच्या शर्टावरचं साल १९८४. कापड इतकं विरलं होतं की आतली कातडी दिसत होती. भावाने त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेने आपण फक्त अष्टविनायक पायी केलेल्या माणसाकडे बघतो.

बकहेडला उतरलो आणि तिथून आमची फाटाफूट झाली. भावाने आधीच्या शर्यतीच्या वेळेचा दाखला दिला होता, म्हणून त्याची लाट पुढची. मी दिला नव्हता, म्हणून माझं अक्षर मागचं. इथे सगळ्यांना एकदम सोडत नाहीत. बिबवरच्या, म्हणजे छातीला लावलेल्या नंबराच्या कागदावरच्या, अक्षराप्रमाणे थोड्या थोड्या वेळाने एकेक लाट सुटते. आधी व्हीलचेअरवाले, मग पहिल्या फळीचे, मग एकेक करून आम्ही. भाऊ अर्धी शर्यत संपवत असेल तेव्हा मी अजून पोर्टा-पॉटीच्या, म्हणजे फिरत्या संडासाच्या, रांगेत होते. डोक्यावर क्रेनला टांगलेला प्रचंड मोठा अमेरिकन झेंडा. शेजारी एक बाई स्वातंत्र्यदेवीच्या वेशात, अंगाला हिरवा रंग फासून. तो रंग सुरुवातीलाच मानेवरून ओघळायला लागला होता. तिने मला विचारलं, पहिल्यांदाच का? मी हो म्हटलं. ती म्हणाली, टेकडी लक्षात ठेव.

टेकडी मला कागदावर माहीत होती. पण माझा सगळा घोळ झाला तो टेकडीच्या आधी.

लेनॉक्सपासून, म्हणजे शर्यत सुटते तिथून, रस्ता निघतो तो पहिले जवळपास तीन मैल एकूणात उतरताच जातो. मैल म्हणतेय, कारण रस्त्याकडेच्या पाट्या मैलांच्या. माझं घड्याळ किलोमीटरचं. पाटी म्हणतेय एक, घड्याळ म्हणतंय १.६, आणि मनातल्या मनात त्रैराशिक मांडत पळायचं. त्या नादात वेगाकडे लक्षच राहिलं नाही. बकहेडमध्ये दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. बाल्कन्यांमधून भोंगे वाजतायत, एका कोपऱ्यावर बँड, दुसऱ्यावर एक माणूस सकाळी पावणेआठला बिअरचे छोटे ग्लास वाटतोय आणि लोक घेतायत सुद्धा! मुंबईच्या अर्धमॅरेथॉनला पेडर रोडवरची मंडळी संत्र्याच्या फोडी आणि बिस्किटं घेऊन उभी असतात, ते मला फार मोठं वाटायचं. इथे एका आजींनी घराच्या हिरवळीवरून बागेचा पाइप सोडला होता आणि त्या लोकांना चक्क अंघोळ घालत होत्या. मी आधी कडेने जाणार होते. मग गेले मधूनच.

पुढे सेंट फिलिप कॅथीड्रलपाशी धर्मगुरू उभे राहून पळणाऱ्यांवर पवित्र पाणी शिंपडतात. ही त्यांची नेहमीची प्रथा आहे. दोन थेंब माझ्या चष्म्यावर पडले. पुसायला बिब सोडून कोरडं काही नव्हतं. इथे वारीची उपमा द्यायचा मोह होतोय, पण ती द्यायची नाही असं मी ठरवलंय. वारीत कुणी घड्याळ बघत नाही. मी दर चारशे मीटरला बघत होते.

आणि घड्याळ चांगलं सांगत होतं. फारच चांगलं. सहा-दहा, सहा-पाच, एक किलोमीटर तर सहाच्या आत. मला वाटलं, अटलांटा मानवलं. आता एक तास दोन मिनिटांत होणार. पुण्याला फोन करून सांगायचं वाक्यसुद्धा तयार झालं होतं.

मग रस्ता पीचट्री क्रीकच्या पुलाशी तळाला गेला आणि समोर उभा राहिला.

कार्डिॲक हिल हे नाव मी विनोद समजत होते. टेकडीवर खरंच हॉस्पिटल आहे, पीडमाँट. चढ भयानक उंच आहे असं नाही. आपली पर्वती याच्यापेक्षा कितीतरी खडी. पण पर्वती पायऱ्यांनी दोन दमांत संपते, हा संपत नाही. एक मैलाला थोडा कमी, सरळसोट. वरचं टोक दिसतं आणि जवळ येत नाही. तोवर सूर्य इमारतींच्या वर आलेला. तीनशे पावलं मी धावल्याचं नाटक केलं. मग डाव्या पोटरीत गोळा यायला लागला, कानात हृदय वाजायला लागलं, आणि मी चालायला लागले. आजूबाजूला बघते तर अर्धा रस्ता चालत होता. स्वातंत्र्यदेवी शेजारून निघून गेली. ती पळत होती.

कमरेच्या पाऊचमध्ये लिमलेटच्या चार गोळ्या होत्या. घामाने त्यांचा एक गोळा झाला होता, कागदासकट. तो तसाच तोंडात टाकला आणि कागद चोखून थुंकला. एवढी गोड चव मी अलीकडे घेतलेली नाही.

त्याच चढावर शेफर्ड सेंटर आहे. मणक्याला आणि मेंदूला इजा झालेल्या माणसांना पुन्हा उभं करणारं रुग्णालय. या शर्यतीतली व्हीलचेअरची स्पर्धाही त्यांच्याच आधाराने चालते. शर्यतीच्या दिवशी तिथले रुग्ण आपापल्या खुर्च्यांतून रस्त्याच्या कडेला येऊन बसतात, हे भावाने मला सांगितलं नव्हतं. लांबच लांब रांग. कुणाच्या मानेला पट्टा, कुणाच्या मांडीवर पाटी, कुणाच्या मागे आई सलाइनचा स्टँड धरून उभी. एक मुलगा, विशीचा असेल, त्याचा हात खुर्चीच्या दांडीवरून फार तर चार बोटं वर येत होता. त्या हाताला टाळी द्यायला माणसं रस्ता ओलांडून येत होती, खाली वाकत होती. मी पण गेले. तो काहीतरी म्हणाला, भोंग्यांच्या आवाजात मला कळलं नाही. मी मराठीतच "हो, हो" म्हटलं.

त्याच्यासमोरून चालत निघून जाणं मला जमलं नाही, म्हणून पळाले. चाळीस-पन्नास पावलं. त्याला दिसेनाशी झाले तशी परत चालायला लागले. खोटं कशाला सांगू.

वर पोचल्यावर गंमत कळली. १९७० ची पहिली शर्यत जिंकली ती जेफ गॅलोवे यांनी. पुढे १९७२ च्या ऑलिंपिकला गेलेले धावपटू. आणि याच गॅलोवेंनी नंतर हौशी लोकांना थोडं पळा, थोडं चाला, परत पळा ही पद्धत शिकवली. म्हणजे मी काही हरले नव्हते, मी पद्धतशीर पळत होते! उरलेलं अंतर तसंच केलं. दोन मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. मिडटाउनमध्ये आणखी एकदोन चढ आहेत, त्यांची आठवण कुणी आधी देत नाही. पाण्याच्या टेबलांपाशी कागदी पेल्यांचा आणि सांडलेल्या शरबताचा असा चिकचिकाट, की चपलेसारखा बूट वाजायला लागला. हाय म्युझियम गेलं. मग टेन्थ स्ट्रीटला डावं वळण, तिथून उतार, आणि रेषा.

एक तास चौदा मिनिटं आणि काही सेकंद. तळजाईवरच्या माझ्या नेहमीच्या वेळेपेक्षा नऊ मिनिटांनी वाईट.

पीडमाँट पार्कच्या हिरवळीवर शर्टांची टेबलं लागली होती. भाऊ तिथे केव्हाचा नवा शर्ट अंगात चढवून बसला होता. त्याने "किती?" असं विचारलं नाही. "टेकडीवर चाललीस?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, चालले. तो म्हणाला, "मी पण." अकरा शर्टांचा हा मालक, आता बाराचा! मला कधी बोलला नव्हता.

माझा शर्ट मीडियम. त्यानेच फॉर्म भरताना निवडला होता. अमेरिकेतला मीडियम. अंगात घातला तर बाह्या कोपरापर्यंत आणि लांबी कुर्त्याएवढी. मिडटाउन स्टेशनवर परतीच्या गाडीसाठी उभी राहिले तेव्हा फलाटावर शेकडो माणसं याच शर्टात, सगळ्यांच्या पाठी भिजलेल्या, आणि वास, तो विरार लोकलच्याही वरताण. १९८४ वाले आजोबा पुन्हा दिसले. त्यांनी नवा शर्ट घातला नव्हता. घडी करून काखेत धरला होता.

रात्री फटाके होते म्हणे. मी साडेआठला झोपले.

रविवारी उपासाची साबुदाण्याची खिचडी खाताना आईला व्हिडिओ कॉल लावला. जिना उतरताना पाय वाकत नव्हते, म्हणून मी वरच्याच मजल्यावर बसले होते, शर्ट घालून. आईने फोन डोळ्यांजवळ नेऊन शर्ट नीट बघितला.

"बक्षीस मिळालं होय गं?"

"अगं नाही, सगळ्यांनाच मिळतो. शेवटपर्यंत पोचलं की."

"किती जण होते?"

"पन्नास-साठ हजार."

आई जरा वेळ गप्प बसली. मागे टीव्हीवर पंढरपूर चालू होतं.

"मग तुझ्या मापाचा एक नाही निघाला?"