सोफा उलटा केल्यावर

दारावरची बेल वाजली की आई उठायला सुरुवात करायची आणि ती उभी राहीपर्यंत बेल दुसऱ्यांदा वाजायची. मागचं सगळं वर्ष असंच गेलं. सोफ्याची मधली बैठक इतकी खचली होती की आम्ही त्यावर जुनी चादर चौघडी करून घातली होती. उजव्या हाताच्या कडेला, पायपिनच्या शिवणीवर, कापड विरून आतला पिवळा फोम दिसायला लागला होता. तिथे बोट लावलं की पिठासारखा भुगा हाताला यायचा.

दादा म्हणाला, "टाक आता तो. चौतीस वर्षं झाली." सोफा बाबांनी १९९१ साली घेतलेला, त्यामुळे मी भावनेच्या भरात बोलतेय असं त्याला वाटत होतं. बाबांची आठवण त्यात आहे, हे मी नाकारत नाही. पण मला खरोखर जाणून घ्यायचं होतं की आत काय शिल्लक आहे. सोफा जुना झाला म्हणजे त्यातलं नेमकं काय जुनं झालं?

आधी आम्ही नवा बघायला गेलो. दोन शनिवार गेले त्यात. पहिल्या दिवशी दिसायला छान म्हणून जो आवडला, त्यावर आई बसली आणि मागे टेकली तर तिचे पाय जमिनीवरून सुटले. पाय टेकवून बसली तर पाठ अधांतरी. दुसऱ्या शनिवारी मी पर्समध्ये टेप घेऊन गेले. आमच्या घरच्या सोफ्याची बैठक, न खचलेल्या कडेपाशी, जमिनीपासून ४६ सेंटीमीटर उंच आणि ५२ सेंटीमीटर खोल होती. तिथले बहुतेक सोफे ४० च्या आसपास उंच आणि ६० च्या पुढे खोल. पाय वर घेऊन पसरायला ते उत्तम, माझ्या मुलीला तर ते सगळेच आवडले. पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला इतक्या खालून, इतक्या आतून उठायचं म्हणजे रोजची शिक्षा. सांगाडा कोणत्या लाकडाचा, फोम किती डेन्सिटीचा, असं विचारलं की एकच उत्तर मिळायचं: "एकदम चांगला आहे, मॅडम." वजन किंवा आकडा कुणी सांगितला नाही.

मग ओळखीतून एका कारागिरांचा नंबर मिळाला. मी त्यांना फाटलेल्या कापडाचे फोटो पाठवले. त्यांचा उलट फोन आला. "ताई, कापड बघून मी काय सांगू? सोफा उलटा करा, खालचं काळं कापड सोडवा आणि आतले फोटो पाठवा. आणि उलटा करायच्या आधी पुढचा एक पाय वीतभर उचलून बघा, दुसरा पुढचा पाय आपोआप उचलला जातो का."

मी आणि मुलीने ते केलं. डावा पाय उचलला. साधारण चार बोटं वर गेल्यावर उजवाही जमिनीवरून सुटला. म्हणजे सांगाडा पिळवटत नव्हता, अखंड एका तुकड्यासारखा वर येत होता. दुसरा पाय जमिनीला चिकटूनच राहिला असता, तर कुठेतरी सांधा सैल झालाय किंवा लाकूड वाकतंय असा अर्थ.

नंतर आडवा करून, पाठीवर झोपवून, स्क्रू ड्रायव्हरने एकेक पिन उचकटत काळं कापड सोडवलं. धूळ खूप होती, दोघींनीही तोंडाला ओढणी बांधली. आत सागवान. कोपरे नुसते खिळ्यांवर मारलेले नव्हते. एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं, आणि चारही कोपऱ्यांत आतून तिरके ठोकळे सरस लावून स्क्रूने आवळलेले. पुढच्या आडव्या दांड्यावर सुताराने पेन्सिलीने "डा" आणि "उ" लिहून ठेवलं होतं, डावा-उजवा कळावा म्हणून. चौतीस वर्षांत त्याच्यावर ऊन पडलेलं नसल्याने ते कालच लिहिल्यासारखं दिसत होतं. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.

बैठकीखाली नागमोडी स्प्रिंगा होत्या, प्रत्येक बैठकीला पाच. मधल्या बैठकीच्या पाचांपैकी दोन मागच्या दांड्यावरच्या क्लिपमधून निसटून लोंबत होत्या. क्लिप वाकली होती, स्प्रिंग धड होती. वर्षभर चादरी घालून आम्ही जे झाकत होतो, त्यातला निम्मा दोष या दोन क्लिपांचा होता.

एका पायाजवळ टाचणीच्या डोक्याएवढी सात-आठ भोकं दिसली तेव्हा मात्र पोटात गोळा आला. लाकूड पोखरणारी कीड असेल तर नवं कापड चढवून काय उपयोग? काकांनी (एव्हाना मी त्यांना काका म्हणायला लागले होते) सांगितलं की पाय पुसून घ्या, खाली काळा कागद पसरा आणि तीन आठवडे हलवू नका. कीड जिवंत असेल तर भोकांतून ताजा, फिकट भुसा कागदावर पडतो. तीन आठवडे आम्ही त्या कोपऱ्यात झाडू मारला नाही. कागद कोरा राहिला. भोकं जुनी होती, आतलं बिऱ्हाड कधीच उठून गेलेलं.

आता फोमबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे आम्ही आधी एकदा फसलो आहोत. २००९ साली सोफ्याचं कापड बदललं, तेव्हा ज्याने काम केलं त्याने "फोमपण नवा टाकलाय" असं सांगून पैसे घेतले. पहिलं वर्ष बैठक छान फुगलेली होती. दोन वर्षांत मधे खड्डा. त्या वेळी आम्हाला वाटलं, सोफाच म्हातारा झाला.

या वेळी मी त्या फोमच्या न दबलेल्या कडेचा एक तुकडा कापला: २० सेंटीमीटर लांब, २० रुंद, १० जाड. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. ७२ ग्रॅम. फोमची डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. माझा तुकडा ०.००४ घनमीटर, म्हणजे डेन्सिटी १८. इतका हलका फोम पाठीला किंवा उशीला ठीक. रोज बसायच्या बैठकीला ३२ च्या पुढचा हवा, ४० चा असेल तर निश्चिंती. ४० डेन्सिटीचा तेवढाच तुकडा १६० ग्रॅम भरायला हवा होता. म्हणजे २००९ मध्ये आम्हाला निम्म्याहून कमी माल मिळाला होता. गणित इतकं सोपं आहे आणि आम्ही ते सोळा वर्षं केलं नाही, याचं मला वाईट वाटलं.

अजून एक गोष्ट मला या निमित्ताने नीट समजली. डेन्सिटी आणि कडकपणा या दोन वेगळ्या बाबी आहेत. कडकपणा म्हणजे फोम ठरावीक खोलीपर्यंत दाबायला किती जोर लागतो. हलका फोमही हाताला कडक लागू शकतो आणि दाट फोमही मऊ असू शकतो. दुकानात अंगठ्याने दाबून कळतो तो फक्त कडकपणा. किती वर्षं टिकेल हे बरंचसं डेन्सिटीवर ठरतं, आणि ते अंगठ्याला कळत नाही.

पाठीत मात्र फोमच्या आड मूळचा काथ्या निघाला. काकांनी तो मोकळा करून, झटकून, तसाच परत वापरला. पॉलियुरेथेनची सुरुवात जर्मनीत १९३७ मध्ये ओटो बायर यांच्या प्रयोगांतून झाली आणि पुढे त्याचा फोम घरोघरी आला. त्याआधी गाद्या-खुर्च्यांत काथ्या, कापूस, घोड्याचे केस असायचे. ते पिंजून पुन्हा भरता येतात. भुगा झालेला फोम फेकावाच लागतो.

आमच्या संचात नंतर घेतलेल्या दोन खुर्च्याही होत्या. दिसायला सोफ्यापेक्षा ठणठणीत, कापडही बरं. काकांनी त्यांतली एक उलटी केली, खालच्या फळीत अंगठा दाबला आणि मान हलवली. "ताई, हा भुसा दाबून केलेला बोर्ड आहे. कापड उचकटलं की पिना निघतील, आणि त्याच जागी नवी पिन धरणार नाही. मी पैसे घेईन, पण वर्षात तुम्ही मला शिव्या द्याल." त्या खुर्च्या आम्ही दिल्या. चौतीस वर्षांचा सोफा राहिला आणि अकरा वर्षांच्या खुर्च्या गेल्या. दादाला हे मी फोनवर सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प होता.

खर्च वाचतो म्हणून कुणी या वाटेला जाऊ नये, असं माझं मत झालंय. कापड, फोम आणि मजुरी मिळून जे झालं, ते साध्या नव्या सोफ्याहून थोडं जास्तच. यात मजुरी मोठी असते आणि असायलाच हवी. शेकडो पिना हाताने उपटायच्या, जुनं कापड न फाडता काढून त्यावरून नवं बेतायचं, ज्या क्रमाने काढलं त्याच्या उलट क्रमाने चढवायचं, हे दोन माणसांचं चार दिवसांचं काम होतं. तुलना करायची तर अशाच लाकडाच्या, अशाच सांध्यांच्या नव्या सोफ्याशी करावी. तशी केली आणि माझी शंका मिटली.

कापड निवडताना मी आधी मखमलीवर भाळले होते. तिची लव एकाच दिशेला जाते, त्यामुळे सगळे तुकडे एकाच दिशेने कापावे लागतात आणि कापड जास्त लागतं. चौकड्यांना, मोठ्या फुलांना तेच, नक्षी जुळवावी लागते. रेक्झिनसारखं दिसणारं पॉलियुरेथेनचा थर दिलेलं कापड मी मुद्दाम टाळलं. दमट हवेत त्या थराचं हळूहळू विघटन होऊन पापुद्रे सुटतात, आणि एकदा सुटायला लागले की उपाय नाही. शेवटी साधं, घट्ट विणीचं, राखाडी-हिरवं कापड घेतलं. त्याच्या नमुन्यामागे मार्टिनडेल ३०,००० छापलेलं होतं. या चाचणीत कापडावर यंत्राने लोकरी कापड घासत राहतात आणि धागे तुटेपर्यंत किती घासण्या झाल्या ते मोजतात. घरात रोज वापरायच्या सोफ्याला २०,००० च्या पुढचं असावं. १४० सेंटीमीटर पन्ह्याचं अकरा मीटर लागलं, शिवाय दीड मीटर मी जास्तीचं घेतलं, कारण हातांवरचं कापड सगळ्यात आधी विरतं.

फोम बसवायच्या दिवशी मी काकांना सांगितलं की आईला बसवून उंची ठरवा. नवा फोम जुन्यापेक्षा कमी दबतो, त्यामुळे बैठक उंच वाटते. नेहमीच्या जाडीचा टाकला असता तर तिचे पाय लोंबकळले असते. आई सांगाड्यावर नुसत्या फोमवर तीनदा बसली, तीनदा उठली. तिसऱ्यांदा हातांचा आधार न घेता. काकांनी दीड सेंटीमीटरचा थर कमी केला, तिला परत बसवलं आणि टेप लावून आकडा लिहून घेतला: ती बसलेली असताना ४५.

काळं कापड मारायच्या आधी मी एक जाड कागद मागितला. त्यावर फोमची डेन्सिटी ४०, जाडी, कापडाचं नाव, किती मीटर लागलं, क्लिपा बदलल्याचा महिना आणि भोकं जुनी आहेत, काळजी नसावी, एवढं लिहिलं. उरलेलं दीड मीटर कापड घडी करून, कागदासकट, आत दांड्याला पिन केलं. "डा" च्या शेजारी.