घरचं एनआयएस : नवा पासवर्ड जुन्या मशीनला का चालेना

घरात एनआयएस आहे, म्हणजे सगळ्या मशीनना खाती आणि पासवर्ड एकाच सर्व्हरवरून पुरवणारी सोय. हा सर्व्हर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) १० वरून ११ मार्गे १२ वर नेला आणि घरच्या नेटवर्कवर एक विचित्र प्रकार सुरू झाला. पासवर्ड बदलला की नव्या मशीनवर लॉगिन बिनबोभाट होतं. डेबियन १० च्या जुन्या डेस्कटॉपवर मात्र नवा पासवर्ड चालत नाही आणि जुनाही चालत नाही.

हा ‘जुनाही चालत नाही’चा भाग फार मोलाचा आहे. सर्व्हरवर मॅप (एनआयएस वाटतं ती खात्यांची यादी) पुन्हा बनवायचा राहिला असेल, एनएससीडीच्या (अशा नोंदी तात्पुरत्या साठवणाऱ्या प्रोग्रामच्या) कॅशेत शिळी नोंद अडकली असेल, किंवा एनएसस्विचमध्ये (खाती आधी कुठे शोधायची ते ठरवणाऱ्या फाइलीत) ‘फाइल्स’, म्हणजे मशीनवरच्याच फाइली, आधी असल्यामुळे त्या मशीनवरचं जुनं लोकल खातं आड येत असेल, तर जुना पासवर्ड चालायला हवा. तो चालत नाही, म्हणजे नवी नोंद तिथवर पोचलेली आहे. एरवी आपण याच तीन गोष्टींच्या मागे अख्खी संध्याकाळ घालवतो.

मग जुन्या डेस्कटॉपवर रूट (सर्वाधिकारी खातं) होऊन गेटेंट या कमांडने शॅडोची, म्हणजे पासवर्डचा हॅश (उलट न फिरवता येणारं गुंतागुंतीचं रूप) असलेली, नोंद काढली. सर्व्हरवरच्या हॅशशी अक्षर न् अक्षर जुळली! पण तिची सुरुवात होती डॉलर-वाय-डॉलर. घरातल्या ज्या खात्याचा पासवर्ड अपग्रेडनंतर बदललेला नव्हता, त्याची सुरुवात डॉलर-६-डॉलर, आणि ते खातं दोन्हीकडे व्यवस्थित चालत होतं. इथे उलगडा झाला.

डॉलर-६ म्हणजे एसएचए-५१२, डॉलर-वाय म्हणजे येसक्रिप्ट; या हॅश बनवायच्या दोन पद्धती. २०२१ च्या डेबियन ११ पासून नवे पासवर्ड मुळातच येसक्रिप्टने हॅश होतात आणि डेबियन १० च्या लिबक्रिप्टला (हॅश तपासणाऱ्या लायब्ररीला) ते येतच नाही. एनआयएस फक्त हॅश पोचवतं. पडताळणी ज्याची त्याने करायची. त्यामुळे लॉगमध्ये नुसतं ‘ऑथेंटिकेशन फेल्युअर’ दिसतं, कारणाचा पत्ता नाही.

तूर्त सर्व्हरच्या पॅममधल्या (लॉगिन आणि पासवर्डचे नियम सांभाळणाऱ्या व्यवस्थेतल्या) कॉमन-पासवर्ड फाइलीत येसक्रिप्टच्या जागी एसएचए-५१२ घातलं आणि राउंड्स (हॅशची आवर्तनं) ६५५३६ केले. जुने हॅश आपोआप बदलत नाहीत, म्हणून अडकलेल्या खात्यांचे पासवर्ड सर्व्हरवरच नव्याने ठेवले आणि मॅप पुन्हा बनवायला व्हार-वायपी या फोल्डरमध्ये मेक चालवलं. जुन्या डेस्कटॉपवर लगेच लॉगिन झालं.

हे मला मनापासून पसंत नाही. येसक्रिप्ट भरपूर मेमरी खातं, म्हणून ग्राफिक्स कार्डं लावून ते फोडणं महाग पडतं. एका म्हाताऱ्या मशीनपायी सगळ्या घराचं संरक्षण उतरवायचं हे बरोबर नाही. शिवाय एनआयएसवर हॅश नेटवर्कवरून उघडेच फिरतात. म्हणून आधी डेस्कटॉप १२ वर आणायचा, मग येसक्रिप्ट परत, आणि त्यानंतर केर्बेरोस, म्हणजे हॅश न फिरवता तिकिटांवर ओळख पटवणारी पद्धत. त्यात घड्याळांत ५ मिनिटांहून जास्त फरक सहसा चालत नाही, म्हणून घड्याळं जुळवणारं क्रोनी आत्ताच सगळीकडे बसवून ठेवलंय.